बस्तवाडकर अण्णांचं फुटिंग

घर बांधायला निघालेला माणूस बस्तवाडकर अण्णांच्या ऑफिसात येतो तो पायाचं ड्रॉइंग घ्यायला. प्लॉट त्याचा स्वतःचा असतो, नकाशा आर्किटेक्टनं करून दिलेला असतो, माती तपासल्याचा रिपोर्ट पिशवीत असतो. कागद टेबलावर ठेवले की आपलं काम झालं, अशी त्या बिचाऱ्याची समजूत असते. अण्णा त्या कागदांवर पेपरवेट ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि विचारतात, "पोरं किती?"

"दोन."

"एकमेकांशी बोलत्यात?"

इथं माणूस दचकतो. अण्णा थांबत नाहीत. थोरल्याचं लग्न ठरलंय काय? सून नोकरीवाली का घरात बसणारी? म्हातारी कुणाकडं जेवते? धाकटा बेंगळूरला जायचं म्हणतोय का इथंच दुकान टाकणार? एकदा उद्यमबागेतला एक कारखानदार भडकून उभाच राहिला. "अण्णा, तुम्ही इंजिनियर हायसा का सोयरीक जमवणारे?" अण्णांनी त्याला खुर्ची दाखवली आणि शांतपणे म्हणाले, "मातीचा रिपोर्ट मिळाला. तुमचा कुठं हाय?"

मी अण्णांच्या ऑफिसात ड्रॉइंग काढायला आहे. ते गणित करतात, मी ते कॉम्प्युटरवर उतरवते. गावात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मी तोंडावर सर म्हणते आणि पाठीमागं अण्णा. ऑफिस बेळगावच्या अनगोळात, एका पिठाच्या गिरणीच्या वर. रोज सकाळी मी गुंजीहून रेल्वेनं येते, जिना चढते आणि खालची गिरणी सुरू होते. टेबल थरथरतं, पेन्सिली लोळत कडेला येतात, माझ्या स्क्रीनवरच्या रेघाही हलल्यासारख्या दिसतात. पहिल्या दिवशी मी घाबरून खुर्चीतून उठले होते. अण्णा म्हणाले, "बस गं. थरथरू दे. ह्या बिल्डिंगचं फुटिंग माझं हाय."

फुटिंग म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांना अण्णा एका वाक्यात समजावतात: खांबाची चप्पल. वरचं सगळं ओझं खांबातून खाली उतरतं. खांब तसाच मातीत रोवला तर तो रुतत जाणार. म्हणून त्याच्या पायात सळ्यांची जाळी घातलेली काँक्रीटची रुंद चप्पल घालायची. माती टणक असली तर चप्पल लहान चालते, मळीची काळी माती असली तर मोठी लागते. आणि वर ओझं किती येणार, ह्यावर तिचं माप ठरतं. अण्णांचं सगळं वेड ह्या शेवटच्या वाक्यातून निघालेलं आहे. कारण आमच्या भागात कुणीच घर एकदम बांधत नाही. आज खालचं बांधतो, पोराचं लग्न ठरलं की वरचं. खांबाच्या सळ्या गच्चीवर तशाच उभ्या सोडलेल्या असतात, त्यांवर बाटल्या उपड्या घातलेल्या असतात. वरचं कितीही वाढवता येतं, पण चप्पल एकदा पुरली की पुरली. म्हणून उद्या त्या घरात कोणकोण येणार ते आजच विचारून घ्यायचं, असा अण्णांचा हट्ट.

"उद्या कोण?" हे त्यांचं पालुपद. आम्ही ऑफिसात दोघंच असलो तरी चहा तीन कप सांगतात. "तिसरा कुणाला, सर?" असं मी विचारायचं आता सोडून दिलंय. बहुतेक वेळा कुणीतरी येतंच. नाही आलं तर अण्णा तोही कप स्वतः पितात आणि वर मलाच सांगतात, "येणारा आला न्हाय हे बरं. आला असता आणि चहा नसता तर?"

संकेश्वर-हुक्केरीकडचा माणूस आला की हीच चौकशी कानडीत चालते. "एष्ट मक्कळ री?" असं पोरांचं विचारत अण्णा चष्मा कपाळावर चढवतात. भाषा बदलते, पण माणसांची तोंडं त्याच ठिकाणी पडतात. मी आता चेहऱ्यावरून ओळखते, आत्ता सुनेचा विषय निघाला असणार.

ह्या चौकशीनं कधीकधी रामायण घडतं. सांबऱ्याचे दोघे भाऊ एका मोटरसायकलवर बसून आले होते. एकाच ताटात जेवल्यासारखे गोड बोलत होते. अण्णांनी विचारलं, "जिना एक का दोन?" थोरला म्हणाला एक, धाकटा म्हणाला दोन. मग दोन कशाला, असं थोरल्यानं विचारलं. मग धाकट्यानं वहिनीचं नाव काढलं. मग थोरल्यानं धाकटीचं. परत जाताना एक जण मोटरसायकलवरून गेला आणि दुसरा बस धरायला चालत गेला. मी अण्णांवर जाम चिडले होते. चांगली बोलती माणसं उगीच फोडली! अण्णांना त्याचं काहीच नव्हतं. "आज भांडले ते ब्येस झालं. स्लॅब पडल्यावर भांडले असते तर दुसरा जिना कुठनं काढला असता?" ते दोघे पुन्हा आले ते वेगवेगळ्या गाड्यांवरून, पण आले. आता त्या घराला दोन जिने आहेत आणि दोन्ही घरचं येणंजाणं चांगलं आहे, हे मात्र मला कबूल करावं लागतं.

लोकांना राग येतो तसा लोभही जडतो. त्यामुळे अण्णांना आमंत्रणं फार. लग्न, वास्तुशांत, बारसं, काही चुकत नाही. वास्तुशांतीला बाकीचे लोक टाइल्स आणि किचन बघून वाहवा करतात. अण्णा बाहेर जोत्याला वळसा घालून येतात आणि जेवायला बसतात. बारशाला पाळण्यात डोकावून म्हणतात, "आला वरचा मजला." पोराच्या आजीला ते कौतुक आहे की काय आहे कळत नाही, ती आपली हसते.

अण्णांचं स्वतःचं लग्न झालेलं नाही. कुणी फारच खोदलं तर "माझं डिझाइन एका खांबाचं" म्हणून विषय मिटवतात.

मल्लाप्पा नावाचे एक ठेकेदार आहेत. अण्णांची निम्मी कामं तेच करतात आणि शिव्याही तेच घालतात. "अण्णा री, घर बांधालाय का किल्ला? ह्यो म्हणजे हत्तीच्या पायाखाली गादी घातल्यागत झालं." अण्णा त्यांचं सगळं ऐकून घेतात आणि एक सळीसुद्धा कमी करत नाहीत. मल्लाप्पा जिन्यावरून शेवटपर्यंत बडबडत उतरतात आणि काम मात्र ड्रॉइंगप्रमाणेच करतात, कारण खड्डा खणून झाला की काँक्रीट ओतण्याआधी अण्णा स्वतः आत उतरतात. माती मुठीत घेतात, दाबतात, अंगठ्यानं फोडतात, वास घेतात. मग जे सांगतात ते सांगतात. त्यात मालकाची भीड नाही, मंत्र्याची नाही. एका बड्या बिल्डरनं सुचवलं होतं, की माती जरा बरी आहे असं लिहून द्या, म्हणजे खर्च आवरेल. अण्णांनी त्याचे नकाशे गुंडाळून रबर लावून त्याच्या हातात दिले. माणसाविषयी अण्णा कधीमधी थाप मारतात, जेवलो नसताना जेवलो म्हणतात, पण मातीविषयी त्यांनी शब्द फिरवलेला कुणी ऐकला नव्हता. मीही नाही.

आणि मग आमचंच घर निघालं.

गुंजीला भाताच्या शेताला लागून आमची जागा आहे. सुगी आटोपल्यावर काम काढायचं असं आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठरवलं. लेक इंजिनियरकडे कामाला, म्हणजे पाया अण्णांचाच, हे ओघानं आलं. नकाशा मीच काढला होता. खाली थोरल्या दादाचं बिऱ्हाड, वर धाकट्याचं, मध्ये देवघर, मागं म्हशीचा गोठा. मी म्हशीची दावणसुद्धा मापात दाखवली होती. त्या नकाशात म्हशीला जागा होती, मला नव्हती.

त्या सुमारास मी निपाणीचं सासर कायमचं सोडून आले होते. कोर्टाचा कागद हातात पडला होता. कशामुळे, ते इथं सांगत नाही. त्या माणसावर शाई खर्च करायची माझी इच्छा नाही. जुन्या घरात मी भाताच्या पोत्यांशेजारी अंथरूण टाकत होते आणि ते चाललं होतं. पण नवं घर झालं की मी कुठं? हा प्रश्न मला नकाशा काढताना रोज पडायचा. आप्पांना विचारायचं धाडस होत नव्हतं. परत आलेल्या लेकीनं आणि वर खोली मागायची, कोणत्या तोंडानं?

आप्पा ऑफिसात आले. टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पोरं किती, आप्पा?"

"दोन. थोरला मिलिटरीत हाय, धाकटा खानापुरात टेम्पो चालवतोय. खाली एकाचं, वर एकाचं. झालं."

अण्णांनी पेन्सिल उचललीच नाही. माझ्या टेबलाकडे मान वळवून म्हणाले, "आणि ही कोण?"

मी उगीच माउस फिरवत राहिले. स्क्रीनवर काय होतं ते मला दिसत नव्हतं.

"ही... ही आमची पोरगीच की," आप्पा म्हणाले. "हिचं काय, आज ना उद्या जमंल की परत कुठंतरी."

"आणि न्हाय जमलं तर?"

"असं बोलू नगासा, साहेब." आप्पांचा आवाज एकदम खाली आला. "हिच्यासाठी खोली बांधली, की हिचं आता कायमचं हितंच, असं मीच लिहून दिल्यागत होतंय. बाप हाय मी. माझ्या हातानं कशी बांधू?"

मला वाटायचं, आप्पा मला मोजायचं विसरले. ते विसरले नव्हते. ते मला रोज मोजत होते आणि मुद्दाम वगळत होते, मी पुन्हा नांदायला जाईन ह्या आशेवर. हे ऐकून बरं वाटलं की वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही.

अण्णांनी कागदांवरचा पेपरवेट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "खोली बांधू नगासा. बांधा म्हणतंय कोण? खाली नुसतं धरून ठेवूया. तिसऱ्या मजल्याचं ओझं धरून फुटिंग टाकूया. पाया कुणाला दिसतोय, आप्पा? माती वडली की झालं. उद्या हिचं जमलं तर चांगलंच हाय. पाया काय खायाला मागत न्हाय."

आप्पांनी टोपी दोनदा झटकली. "आणि पोरांना काय सांगू?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

 आप्पा तिसरा कप चहा पिऊन उठले आणि जिन्यापाशी थांबून म्हणाले, "तुम्हाला बरं वाटंल तसं करा." अण्णा मला म्हणाले, "काढ." मी काढायला घेतलं. प्रत्येक फुटिंगचं माप वाढवताना डोळे भरून येत होते आणि एका ठिकाणी मी आकडा चुकवला. अण्णांनी मागून येऊन तो दुरुस्त केला आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

खड्डे खणून झाले त्या दिवशी आम्ही गुंजीला गेलो. काम मल्लाप्पांकडेच होतं. दादा सुट्टीवर आला होता. दादा माणूस सरळ, पण काटेकोर. बुटाची नाडीसुद्धा दोन्हीकडे सारखी लोंबली पाहिजे असा. तो खड्ड्यांच्या कडेनं फिरला, ड्रॉइंग बघितलं, पुन्हा फिरला आणि आप्पांना म्हणाला, "दोन मजल्याच्या घराला एवढे मोठे खड्डे? हितं काय पाण्याची टाकी बांधालाय काय?"

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब म्हणालेत. माती कच्ची हाय."

 पण खड्ड्यात तांबडाभडक मुरूम चकाकत होता. आदल्या दिवशी मल्लाप्पांच्या माणसांच्या टिकावातून ठिणग्या उडाल्या होत्या. तसल्या मुरमावर दोन मजल्यांना अर्धी चप्पलसुद्धा पुरली असती. आणि आता दादा सरळ अण्णांकडे निघाला होता. अण्णा एक शब्द खरा बोलले की माझी खोली तिथंच संपत होती, आणि अण्णा मातीविषयी खरंच बोलतात हे सगळ्या बेळगावला ठाऊक होतं.

"सर," दादा म्हणाला, "माती खरंच कच्ची हाय?"

अण्णा खड्ड्यात उतरले. खाली वाकले. माती मुठीत घ्यायची म्हटली तर ती निघेना, शेवटी नखानं खरवडून चिमूटभर काढली. ती अंगठ्यावर घेतली, वास घेतला. वर बघितलं. कडेला आम्ही सगळे उभे होतो.

"लई कच्ची," अण्णा म्हणाले.

मल्लाप्पांचा तोंडातला विडा तसाच राहिला. ते पुढे आले आणि हातातली पहार अण्णांना दाखवत म्हणाले, "कच्ची? अण्णा री, ही बघा की, पहार वाकलीया!"

"पहार कच्ची हाय," अण्णा म्हणाले.

कुणी हसलं नाही. दादा खड्ड्याकडे बघत उभा राहिला. सीमेवर खंदक खणण्यात ज्याची उमर चालली आहे, त्याला माती कळत नाही असं कसं म्हणायचं? त्यानं अण्णांकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं. आप्पा टोपी झटकत होते. मग त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मल्लाप्पांना म्हणाला, "साहेब कच्ची म्हणत्यात न्हवं? मग कच्ची. जाळी सोडा."

घर आता उभं आहे. खाली दादाचं, वर धाकट्याचं. गच्चीवर सळ्या उभ्या आहेत आणि आईनं त्यांवर सरबताच्या बाटल्या उपड्या घातल्यात. माझी खोली अजून बांधायची आहे. पण पाहुणा आला की आप्पा त्याला गच्चीवर नेतात आणि मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं सांगतात, "हितं आमच्या शुभांगीचं होणार हाय." पहिल्यांदा ते असं म्हणाले तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. हातातलं पातळ तसंच धरून मी उभी राहिले.

खड्डे बघायला गेलो त्या दिवशी, काँक्रीट सुरू झाल्यावर, मी अण्णांबरोबर बेळगावला परत निघाले, कारण ऑफिसात एक ड्रॉइंग द्यायचं राहिलं होतं. अण्णांची जुनी गाडी, खिडकीची काच अर्ध्यावर अडकलेली. मला इतकं हलकं वाटत होतं की जिभेला आवर राहिला नाही.

"सर, आज मातीबद्दल खोटं बोललात तुम्ही."

वाटलं, काहीतरी तिरकस ऐकायला मिळेल.  खानापूरचा पूल ओलांडल्यावर अण्णा म्हणाले, "आमची आक्का आलती अशीच परत."

मी त्यांच्याकडे वळले.

"मी तवा नुकताच पास होऊन आलतो. बाबा म्हणाले, तू इंजिनियर झालास, बघून सांग, वर तिच्यासाठी एक खोली चढते काय. मी खांबाशेजारी खणून बघिटलं. चांगलं बसून गणित केलं. सोसणार न्हाय म्हणून सांगिटलं. बाबा आक्काला म्हणाले, बघ बाई, तुझा भाऊच न्हाय म्हणतोय."

"मग?"

"मग वडगावात एक खोली घेऊन ऱ्हायली ती. शिवायची. राखीला मी जायचो. मशीन आणि खाट, तेवढ्यात खोली संपायची. मी उंबऱ्यावर बसून हात पुढं करायचो. तिथंच गेली."

 मी म्हणाले, "पण सर, तुम्ही खरं तेच सांगितलं ना. पाया सोसतच नव्हता, तर तुम्ही तरी काय करणार?"

"व्हय गं." समोरून ट्रक आला, त्याला त्यांनी वाट दिली. "ते गणित अजून अधनंमधनं करून बघतो मी. कुठंतरी चुकलं असंल म्हणून." त्यांनी गिअर बदलला. "दरवेळी बरोबरच येतंय."